पांढऱ्या कोटापलीकडची कामं: शालेय विद्यार्थ्यांना वैद्यकीय संशोधनाची ओळख करून देणाऱ्या एका उपक्रमाचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

रुग्णालयाला जोडून असलेली एक मध्यम आकाराची वैद्यकीय संशोधन संस्था. आसपासच्या आठ शाळांसाठी ती वर्षातून एकदा ‘खुला दिवस’ भरवत असे. १५ ते १७ वर्षांची सुमारे १२० मुलं सकाळी बसने येत. सभागृहात संचालकांचं चाळीस मिनिटांचं भाषण होई आणि मग वीस-वीसच्या तुकड्या करून प्रयोगशाळा दाखवल्या जात. काचेपलीकडून पेशी वाढवण्याची खोली, उणे ८० अंशांच्या फ्रीझरचं दार उघडताच बाहेर लोटणारं धुकं, मायक्रोस्कोपच्या पडद्यावर लाल-हिरव्या रंगात उजळलेली पेशी. मग खाणं, एकत्र फोटो आणि परतीची बस. अभिप्रायाच्या अर्जांत दरवर्षी कौतुकच असे.

संस्था, शाळा आणि माणसं यांची ओळख पटेल असे तपशील इथे गाळले आहेत.

अडचण कुठे होती

एका वर्षी अभिप्रायाच्या अर्जात एक जादा प्रश्न घातला गेला: ‘इथे काम करणाऱ्या पाच वेगवेगळ्या माणसांची कामं लिहा आणि त्यातला प्रत्येकजण सकाळी आल्यावर पहिल्यांदा काय करतो तेही लिहा.’ बहुतेक अर्जांवर ‘डॉक्टर’ आणि ‘शास्त्रज्ञ’ एवढंच लिहून पुढच्या तीन ओळी कोऱ्या होत्या. सकाळच्या कामाच्या रकान्यात ‘संशोधन करतात’ किंवा ‘मायक्रोस्कोपमध्ये बघतात’. त्याच अर्जांवर ‘आजचा दिवस कसा वाटला?’ या प्रश्नाला मात्र भरभरून गुण दिलेले. म्हणजे दिवस आवडला होता, पण तिथलं काम काही कळलं नव्हतं.

कारणं शोधायला फार खोल जावं लागलं नाही. फेरफटक्यात यंत्रं दिसतात, काम दिसत नाही. संशोधनाचा बराचसा वेळ काय मोजायचं हे ठरवण्यात, मोजलेलं नोंदण्यात, चुकलेलं पुन्हा करण्यात आणि ‘हा आकडा खरा मानायचा का’ यावर वाद घालण्यात जातो. हे काचेपलीकडून दिसणार कसं?

दुसरी गोष्ट निवडीची. कोण येणार हे शाळा ठरवत, आणि शाळा स्वाभाविकपणे वर्गातले पहिले पंधरा पाठवत. त्यातल्या बऱ्याच जणांचं डॉक्टर व्हायचं आधीच ठरलेलं होतं. गणितात रमणारा, यंत्रं उघडून बघणारा, भाषेवर पकड असणारा विद्यार्थी यादीत येतच नव्हता, कारण ‘वैद्यकीय म्हणजे जीवशास्त्र’ असं शिक्षकही धरून चालत. खरं तर संशोधन संस्थेत जैवसांख्यिकी (आरोग्यविषयक आकड्यांचं विश्लेषण), माहितीचं व्यवस्थापन, उपकरणांची देखभाल, सहभागींना समजेल अशा भाषेत संमतिपत्रक लिहिणं अशी कितीतरी कामं असतात. याच वयात विषय निवडले जातात. ज्याने इथे गणित सोडलं त्याला पुढे जैवसांख्यिकी किंवा जैवमाहितीशास्त्राकडे वळणं जड जातं, आणि तेव्हा त्याला ते सांगणारं कोणी भेटलेलं नसतं.

कोणते पर्याय समोर होते

खुला दिवसच सुधारावा, हा सर्वांत सोपा पर्याय. भाषण वगळायचं, तुकड्या लहान करायच्या. पण १२० मुलं आणि चार तास हे गणित बदलत नव्हतं. एका विद्यार्थ्याच्या वाट्याला हाताने काही करण्यासाठी जेमतेम दहा मिनिटं येत होती.

दुसरं टोक म्हणजे सुट्टीत सहा आठवड्यांची उमेदवारी. यात शिकणं खोलवर होतं याबद्दल दुमत नव्हतं. मात्र संस्थेला एका वेळी चौघांपेक्षा जास्त मुलं सांभाळता आली नसती. शिवाय ज्यांच्या घरी कोणी डॉक्टर वा प्राध्यापक आहे त्यांनाच अशा जागांची खबर आधी लागते. ही अडचण चांगल्या हेतूने सुटत नाही, ती निवडीच्या नियमाने सोडवावी लागते.

संशोधकांनी शाळेत जाऊन बोलावं असाही प्रस्ताव आला. तो स्वस्त होता आणि बऱ्याच मुलांपर्यंत पोचणारा होता. पण भाषणानेच जे साधलं नव्हतं ते शाळेच्या सभागृहात साधेल असं मानायला आधार नव्हता.

शेवटी सहा शनिवार, दर वेळी तीन तास, आठ शाळांतून प्रत्येकी तीन असे २४ विद्यार्थी, हा मधला मार्ग धरला गेला. यावर संस्थेत खडाजंगी झाली. ‘१२० वरून २४ वर येणं म्हणजे पीछेहाट’ असं व्यवस्थापनाचं म्हणणं होतं, आणि वार्षिक अहवालापुरतं ते खरंही होतं. तडजोड अशी झाली, की खुला दिवस भाषणाविना, छोट्या स्वरूपात चालू ठेवायचा आणि सहा शनिवारांचा उपक्रम एक वर्ष करून पाहायचा.

निवड: गुण नकोत, चिठ्ठ्या हव्यात

प्रत्येक शाळेला तीन जागा दिल्या. अर्ज म्हणजे अर्धं पान: ‘आरोग्याबद्दल तुम्हाला पडलेला आणि उत्तर न मिळालेला एक प्रश्न लिहा.’ गुणपत्रक मागवलं नाही, शिफारसपत्रही नाही. ज्यांनी अर्धं पान मनापासून लिहिलं त्या सगळ्यांच्या नावाच्या चिठ्ठ्या टाकून प्रत्येक शाळेचे तीन जण काढले.

शिक्षकांना हे रुचलं नाही. ‘हुशार मुलगी राहून गेली आणि वर्गात झोपणारा आला’ अशी तक्रार एका शाळेकडून लेखी आली. आयोजकांनी चिठ्ठ्याच कायम ठेवल्या. गुणांवर निवडलं असतं तर आधीच ठरवून बसलेली मुलं पुन्हा आली असती. मुलाखतीने निवडलं असतं तर बोलकी मुलं आली असती. पुढे नियंत्रित चाचणीचं, म्हणजे दोन गट करून उपाय ताडून पाहण्याचं, सत्र घेताना या चिठ्ठ्यांचा अनपेक्षित उपयोग झाला. ‘तुमची निवड गुणांवर झाली असती आणि शेवटी तुम्ही बाकीच्यांपेक्षा जास्त शिकलेले दिसला असतात, तर श्रेय कशाला द्यायचं?’ हा प्रश्न मुलांना फळ्यावरच्या कुठल्याही व्याख्येपेक्षा लवकर समजला.

सुरू करण्याआधी: काय करायचं नाही

पहिल्या मसुद्यात दोन आकर्षक प्रात्यक्षिकं होती: मुलांचा स्वतःचा रक्तगट तपासणं, आणि मोबाइलच्या काचेवरचे जिवाणू पोषक माध्यमावर वाढवणं. दोन्ही सुरक्षा अधिकाऱ्याने काढायला लावली.

रक्तगटाचं कारण फक्त सुई नव्हतं. रक्त म्हणजे संसर्गाची शक्यता. शिवाय अल्पवयीन मुलांची आरोग्यविषयक माहिती वर्गासमोर उघडी पडते, आणि आई-वडिलांच्या रक्तगटाशी न जुळणारा निकाल आला तर घरात जे होईल त्याला संस्था जबाबदार. मोबाइलवरच्या जिवाणूंचा प्रश्न वेगळा होता. अनोळखी नमुन्यातून काय वाढेल ते आधी सांगता येत नाही. एक जिवाणू निरुपद्रवी असला तरी माध्यमाच्या ताटलीवर त्याच्या लाखो प्रती होतात. अशी ताटली चिकटपट्टीने बंद ठेवून, न उघडता पाहायची आणि नंतर १२१ अंशांवर ऑटोक्लेव्ह करायची (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करायची) असते. चोवीस मुलांच्या हातांमधून एकही झाकण उघडणार नाही याची खात्री द्यायला कोणी तयार नव्हतं.

उरलं ते पाणी, रंग, ॲगरोजचा जेल, फुटपट्टी आणि कागद. हे ऐकून काही संशोधकांचा उत्साह मावळला. पुढे मात्र दिसलं, की मुलांना महागड्या यंत्राची ओढ पहिल्या दिवसापुरतीच असते.

बाकीची तयारी रटाळ पण टाळता न येण्यासारखी: पालकांची लेखी संमती, विद्यार्थ्याची स्वतःची वेगळी होकारसही, फोटोसाठी आणखी एक स्वतंत्र संमती. विद्यार्थी आणि मार्गदर्शक कधीही बंद खोलीत दोघेच नसतील. निरोप शाळेच्या शिक्षकांमार्फतच जातील, मार्गदर्शकाच्या खासगी फोनवरून नाही. पायात बंद बूट, केस बांधलेले, हातात नायट्राइलचे मोजे, कारण लेटेक्सची ॲलर्जी कोणाला असेल ते आधी कळत नाही. मोजे घातलेल्या हाताने दाराची मूठ धरायची नाही, हा नियम सहाही शनिवारी कोणी ना कोणी मोडला.

पहिला शनिवार: सहा माणसं, सहा वस्तू

संचालकांच्या भाषणाऐवजी सहा कर्मचारी सहा टेबलांवर बसले. चार-चार मुलांचा गट प्रत्येक टेबलावर १२ मिनिटं थांबे. कर्मचाऱ्यांना एकच अट: स्लाइड नाही, रोजच्या कामातली एक वस्तू आणा.

माहिती व्यवस्थापकाने एका बनावट सहभागीचा अर्ज आणला होता. त्यात रक्तदाब १२० ऐवजी २१० लिहिलेला आणि जन्मतारीख चाचणी सुरू झाल्यानंतरची. मुलांनी जन्मतारीख लगेच पकडली, पण २१० बऱ्याच जणांच्या नजरेतून सुटला, कारण तो अशक्य नाही, फक्त संशयास्पद आहे. अशक्य आणि संशयास्पद यांतला फरक ओळखणं आणि दुसऱ्या प्रकारात आकडा आपल्या मनाने दुरुस्त न करता माहिती पाठवणाऱ्या केंद्राला विचारणं, हे त्याचं रोजचं काम.

चाचणी समन्वयक परिचारिकेने औषधाच्या फ्रीजची तापमान नोंद आणली. २ ते ८ अंशांच्या पट्ट्यात चालणारी रेघ एका रात्री ९.४ वर गेलेली. ‘आता काय कराल?’ अर्धी मुलं म्हणाली औषध फेकून द्यायचं, अर्धी म्हणाली थोडंच तर वाढलंय, वापरायचं. दोन्ही चूक. साठा वेगळा काढायचा, त्यावर ‘वापरू नये’ असा शिक्का लावायचा, तरी योग्य तापमानातच ठेवायचा, किती वेळ किती तापमान होतं ते चाचणी करवणाऱ्या प्रायोजकाला कळवायचं आणि लेखी उत्तर येईपर्यंत थांबायचं. एका मुलाने विचारलं, ‘आणि त्या दिवशी रुग्ण आला तर?’ हा प्रश्न त्या टेबलावरचा सर्वांत चांगला प्रश्न होता, आणि त्याचं उत्तर देता देता १२ मिनिटं संपली.

उरलेल्या टेबलांवर प्रयोगशाळा तंत्रज्ञ, जैवसांख्यिकी तज्ज्ञ, प्राणीगृहाचे पशुवैद्य आणि नीती समितीच्या बिगर-वैज्ञानिक सदस्य होत्या. या सदस्या व्यवसायाने शिक्षिका. त्यांचं काम विज्ञान तपासणं नव्हे, तर संमतिपत्रक सामान्य माणसाला कळेल का हे पाहणं. मुलांना हे सर्वांत अनपेक्षित वाटलं.

पशुवैद्यांना बोलवावं की नाही यावर बैठकीत बराच खल झाला होता. प्राण्यांवरचे प्रयोग हा विषय टाळला तर सोपं जाईल, असं काहींचं मत. शेवटी ठरलं की प्राणीगृह दाखवायचं नाही, पण ते आहे हे लपवायचंही नाही. पशुवैद्यांनी १९५९ पासून मांडलं जाणारं त्रिसूत्र सांगितलं: शक्य तिथे प्राण्याऐवजी दुसरी पद्धत वापरायची, लागतील तितकेच प्राणी घ्यायचे आणि त्यांचा त्रास कमीत कमी ठेवायचा. एका मुलीने ठामपणे सांगितलं की तिला हे मान्य नाही. तिला पटवायचा प्रयत्न कोणी केला नाही. पेशी आणि संगणकी प्रारूपांवर काम करणारे, म्हणजे पहिल्या सूत्रासाठीच राबणारे संशोधकही असतात, एवढं तिला सांगितलं.

दुसरा शनिवार: खोडलेले दोन आकडे

काम दिसायला अगदी साधं: मायक्रोपिपेट (अगदी थोडं द्रव मोजून घेण्याचं हातातलं उपकरण) १०० मायक्रोलिटरवर लावा, पाणी घ्या, तराजूवरच्या छोट्या नळीत सोडा, वजन लिहा. असं पाच वेळा. एक मायक्रोलिटर पाण्याचं वजन जवळपास एक मिलिग्रॅम, त्यामुळे प्रत्येक आकडा १०० च्या किंचित खाली यायला हवा.

एका जोडीचे आकडे आले: ९९.१, ९८.७, १३२.४, ९९.५, ८६.३. तिसरा आणि पाचवा त्यांनी व्हाइटनरने पुसले, उरलेल्या तिघांची सरासरी काढली आणि सगळ्यांत अचूक जोडी म्हणून हात वर केला.

१३२ कुठून आला हे तंत्रज्ञाने न बघताच सांगितलं. पिपेटच्या खटक्याला दोन टप्पे असतात. पाणी घेताना पहिल्या टप्प्यापर्यंतच दाबायचं असतं, दुसरा टप्पा फक्त शेवटचा थेंब बाहेर ढकलण्यासाठी. घेतानाच दुसऱ्यापर्यंत दाबलं की पाणी जास्त येतं. ८६ चं कारण उलटं: खटका झटकन सोडला की टोकात हवा शिरते आणि पाणी कमी भरतं. टोक पाण्यात दोन-तीन मिलिमीटरपेक्षा खोल बुडवलं तर बाहेरून थेंब चिकटून येतो, ही तिसरी नेहमीची चूक.

यापुढचा संवाद महत्त्वाचा होता. मुलांचं म्हणणं सरळ: ‘ते दोन चुकलेच होते, मग काढले तर काय बिघडलं?’ तंत्रज्ञाचा प्रश्न: ‘९८.७ घेताना चूक झाली नव्हती हे कशावरून?’ उत्तर नव्हतं. आकडा हवा तसा आला म्हणून कोणी मागे वळून पाहिलं नव्हतं. मग नियम ठरला: एकाने पिपेट चालवायचं, दुसऱ्याने बघायचं, आणि काही चुकलं असेल तर ते तराजूचा आकडा वाचण्याआधी वहीत लिहायचं. आकडा पाहून मग आठवलेली चूक धरली जाणार नाही. व्हाइटनरची बाटली जमा झाली. वहीत पेनच वापरायचं, चुकलेल्या आकड्यावर एकच रेघ मारायची, खालचा आकडा वाचता आला पाहिजे, बाजूला कारण, सही आणि तारीख.

या सत्रासाठी दीड तास ठेवला होता, अडीच तास लागले. त्यापुढचं जेलचं प्रात्यक्षिक (विजेच्या प्रवाहाने नमुना जेलमधून सरकवणं) तिसऱ्या शनिवारावर ढकलावं लागलं आणि तिथे ते घाईत उरकलं गेलं. १०० मिलिलिटर बफरमध्ये एक ग्रॅम ॲगरोज, १०० व्होल्टवर अर्धा-पाऊण तास, नमुन्यात डीएनएऐवजी ऋणभारित रंग. दोन गटांनी नमुना भरायच्या खाचा धन टोकाकडे ठेवल्या आणि त्यांचे रंग जेलमध्ये सरकण्याऐवजी बाहेर बफरमध्ये निघून गेले. हे प्रात्यक्षिक पुढच्या वेळी गाळलं तरी चालेल, असं नोंदीत लिहिलं आहे.

तिसरा ते पाचवा शनिवार: मुलांची स्वतःची चाचणी

आधी थोडा इतिहास. १७४७ मध्ये ब्रिटिश नौदलातले डॉक्टर जेम्स लिंड यांनी स्कर्व्ही (क जीवनसत्त्वाच्या अभावाने होणारा आजार) झालेल्या १२ खलाशांच्या सहा जोड्या केल्या आणि प्रत्येक जोडीला वेगळा उपाय दिला. संत्री-लिंबं मिळालेली जोडी सर्वांत लवकर सावरली. ‘यात काय खटकतं?’ असं विचारल्यावर मुलांनीच यादी केली: जोडीत दोघेच, कोणाला काय द्यायचं हे डॉक्टरने ठरवलेलं, आणि कोण बरा झाला हेही त्यानेच पाहिलेलं. मग १९४८ मध्ये प्रसिद्ध झालेली क्षयरोगावरच्या स्ट्रेप्टोमायसिनची ब्रिटिश चाचणी. १०७ रुग्ण, कोणाला औषध मिळणार हे यादृच्छिक (कोणताही ठरावीक क्रम नसलेल्या) आकड्यांवरून ठरलेलं आणि बंद पाकिटांत ठेवलेलं. औषध पुरेसं उपलब्ध नव्हतं, त्यामुळे सगळ्यांना ते देताच आलं नसतं, हा तपशील मुलांना विशेष पटला.

आता त्यांची पाळी. प्रतिसादाचा वेग मोजायचं ठरलं: एकाने फुटपट्टी सोडायची, दुसऱ्याने चिमटीत पकडायची. २० सेंटिमीटर खाली गेल्यावर पकडली तर सुमारे ०.२० सेकंद, १५ वर पकडली तर सुमारे ०.१७५. मुलांना ऊर्जा-पेयाचा परिणाम तपासायचा होता आणि २४ पैकी जवळपास सगळ्यांनी त्याला मत दिलं.

आयोजकांपुढे हा कळीचा क्षण होता. सरळ ‘नाही’ म्हणता आलं असतं. त्याऐवजी मुलांना एक पानाचा आराखडा लिहायला सांगून तो नीती समितीच्या त्या सदस्यांपुढे मांडायला लावला. त्यांनी चारच प्रश्न विचारले. कॅफीन किती मिलिग्रॅम? कोणाला हृदयाचा त्रास आहे किंवा कोणी काही औषध घेतं का, आणि हे तुम्ही कोणत्या अधिकाराने विचारणार? ज्याला प्यायचं नाही तो मित्रांसमोर ‘नाही’ म्हणू शकेल का? आणि तुमच्या पालकांनी यासाठी सही केली आहे का? तिसऱ्या प्रश्नावर वर्ग गप्प झाला. मतदानात हात वर न करणारी दोन मुलं होती, हे सगळ्यांना आठवलं.

आराखडा नामंजूर झाला. मुलं चिडली. अर्ध्या तासाने दुसरा आराखडा आला: गोंगाट आणि शांतता. सगळे हेडफोन लावतील, निम्म्यांच्या कानात गोंगाट, निम्म्यांच्या काहीच नाही. फुटपट्टी सोडणाऱ्याला कोणाच्या कानात काय आहे ते कळणार नाही. आवाज ७० डेसिबलच्या आत, कोणीही कधीही कारण न देता थांबू शकेल. पालकांना पत्र गेलं, पुढच्या शनिवारी चाचणी झाली.

सरावात एक दोष दिसला. पट्टी सोडणारी मुलं ठरावीक लयीत, ‘एक-दोन-सोड’ अशी सोडत होती आणि समोरचा अंदाजाने चिमटी मिटत होता. म्हणून दोन ते सहा सेकंदांच्या मधले विराम चिठ्ठ्यांवर लिहून यादृच्छिक केले.

दोन गटांच्या सरासरीत १.४ सेंटिमीटरचा फरक आला, गोंगाटातले मागे. मुलांना वाटलं सिद्ध झालं. सांख्यिकी तज्ज्ञाने सूत्र लिहिलं नाही. २४ आकडे २४ चिठ्ठ्यांवर उतरवायला लावले, चिठ्ठ्या पिसायच्या, डोळे मिटून १२-१२ वाटायच्या, सरासरीतला फरक काढायचा. तिघांच्या आठ गटांनी प्रत्येकी १२ वेळा केलं, म्हणजे ९६ वाटण्या. त्यातल्या ३१ वाटण्यांत दोहोंपैकी कोणत्या ना कोणत्या बाजूने १.४ किंवा त्याहून मोठा फरक निव्वळ पिसण्यातून आला. ‘म्हणजे आमचा प्रयोग फसला?’ फसला नाही. एवढ्या मुलांवर, या पद्धतीने, गोंगाटाचा परिणाम दिसला असं म्हणता येत नाही, आणि परिणाम नाहीच असंही म्हणता येत नाही. हे वाक्य आपल्या शब्दांत लिहायला बहुतेकांना तीन-चार मसुदे लागले.

सहावा शनिवार: वाट आणि तिच्या अडचणी

शेवटच्या सत्रात पालकांनाही बोलावलं. तंत्रज्ञ कोणत्या शिक्षणानंतर कामाला लागला, सांख्यिकी तज्ज्ञाने कोणते विषय घेतले, डॉक्टर होऊन संशोधनाकडे कसं वळता येतं, हे त्या-त्या माणसाने सांगितलं. पीएच.डी. करणाऱ्या दोघांनी नको असलेली बाजूही मांडली: पदवीनंतर आणखी बरीच वर्षं, अनुदानावर चालणारी मुदतीची पदं, आणि पीएच.डी. झालेल्यांपैकी बहुतेकांना विद्यापीठात कायमची जागा मिळत नाही हे वास्तव. हे सांगावं की नाही यावर मतभेद होते. सांगितलं गेलं हे बरं झालं, कारण पालकांचे प्रश्न तिथूनच सुरू झाले आणि बैठक ठरलेल्या वेळेपेक्षा तासभर लांबली.

परिणाम

२४ पैकी २१ जणांनी सहाही शनिवार पूर्ण केले. गळालेल्या तिघांपैकी दोघांना शिकवणीचा वर्ग आड आला, तिसऱ्याला घरून येण्यासाठी दोन बस बदलाव्या लागत होत्या.

‘पाच जणांची कामं लिहा’ हाच प्रश्न शेवटी पुन्हा विचारला. बहुतेकांनी पाचही ओळी भरल्या, आणि सकाळच्या कामाच्या रकान्यात ‘फ्रीजची नोंद बघते’, ‘काल रात्री आलेल्या शंका निस्तरतो’ अशी उत्तरं होती. चौघांनी स्पष्ट लिहिलं की प्रयोगशाळेतलं काम आपल्याला जमणार नाही. आयोजकांनी याची नोंद अपयशाच्या रकान्यात केली नाही, कारण हे कळायला एरवी पदवीची तीन-चार वर्षं जातात. गणित सोडायच्या बेतात असलेल्या दोघांनी ते ठेवलं. सुट्टीत माहिती व्यवस्थापन विभागात दोन आठवडे बसायला दोन मुली आल्या. त्यातली एक प्राण्यांच्या प्रयोगांना विरोध करणारी.

यापलीकडे, कोण संशोधक होईल याबद्दल काही म्हणण्यासाठी अजून बरीच वर्षं जायला हवीत.

वेगळं काय करता आलं असतं

मार्गदर्शकांच्या वेळेचा अंदाज चुकला. तीन तासांच्या सत्रामागे प्रत्येकाची जवळपास तेवढीच तयारी होती आणि ती त्यांच्या कामाच्या वेळेत धरलेली नव्हती. चौथ्या शनिवारी एकाने माघार घेतली. हे तास विभागप्रमुखाच्या लेखी संमतीने आधीच कामात धरायला हवे होते, आणि प्रत्येक सत्राला एक राखीव माणूस हवा होता.

चाचणीची रचना सुधारता आली असती. माणसामाणसाच्या वेगात मुळातच मोठा फरक असतो, त्यामुळे १२ विरुद्ध १२ मध्ये छोटा परिणाम दिसणं कठीण. प्रत्येकाला दोन्ही स्थितींत, यादृच्छिक क्रमाने मोजलं असतं तर तेवढ्याच मुलांत चित्र जास्त स्पष्ट झालं असतं. सांख्यिकी तज्ज्ञांना हे माहीत होतं. मुलांनी आपल्या रचनेत काय कमी आहे ते स्वतः शोधावं म्हणून ते बोलले नाहीत, आणि मग ते शोधायला वेळच उरला नाही. जेल गाळला असता तर तो मिळाला असता.

शिक्षकांना फक्त निरोप्या म्हणून वापरलं गेलं. आठपैकी एकाच शाळेतल्या शिक्षिका दर शनिवारी थांबल्या आणि चिठ्ठ्या पिसण्याचा खेळ त्यांनी आपल्या वर्गात नेला. प्रत्येक शाळेचा एक शिक्षक सत्रात बसणं ही जागा मिळण्याची अटच असायला हवी. तसं झालं तर २४ आणि १२० चा वाद बराचसा मिटतो.

बसभाड्याची सोय पहिल्या पत्रात लिहायला हवी होती. ती होती, पण मागणाऱ्यालाच मिळेल अशी. दोन बस बदलून येणाऱ्या मुलाने ती मागितली नाही.